मदतनिसांची रांग

चर्चच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या, विटलेले पडदे आणि कुणालाच नको असलेला एक पियानो पडून असायचा. आता भिंतीला लागून वॉशिंग मशिनं होती, कपडे वाळवायचं यंत्र होतं, मधोमध घड्या घालायचं मोठं टेबल होतं आणि कोपऱ्यात गरम पाण्याचं न्हाणीघर. बुधवारी सकाळी दार उघडलं की माणसं गाठोडी, पिशव्या, चाक मोडलेल्या बॅगा ओढत यायची. कुणाच्या खोलीत नळ नव्हता, कुणाला खोलीच नव्हती. कपडे धुवायचे, अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि कोरडं गाठोडं घेऊन जायचं. पैसे द्यायचे नाहीत आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही, असा तिथला रिवाज.

हा रिवाज ताईंनीच पाडला होता. रुग्णालयाच्या धुलाईखात्यात आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा नवरा बसगाड्यांचा मेकॅनिक, जिभेचा तिखट. तो म्हणायचा, "लोक निवृत्त झाल्यावर हात धुऊन देवाच्या मागे लागतात. आमची ही देवाच्या मागच्या खोलीत कपडे धुते."

चर्च लहान होतं. मंडळीच्या रविवारच्या दानातून पाळकांचा पगार आणि छपराची डागडुजी कशीबशी निघायची. मशिनं आली ती अनुदानातून. त्या भागातली सगळी चर्चं आपल्या दानातला थोडा वाटा एका सामाईक निधीत टाकत, आणि एक समिती त्यातून ठिकठिकाणच्या छोट्या कामांना मदत करी. एका चर्चने मोठ्या माणसांसाठी वाचनवर्ग काढला होता, दुसरीकडे म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी गाडी होती. ताईंच्या धुलाईघराला पहिल्या वर्षी मशीनसाठी पैसे मिळाले. आता वीज, पाणी आणि साबणासाठी पुन्हा मागायचे होते. ते न मिळाले तर मशिनं नुसती शोभेला उरणार होती.

बुधवारच्या माणसांत एक होते कॉलरकाका. खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. शर्टाची कॉलर इतकी कडक की तिच्यावर पेन्सिल उभी राहील, म्हणून हे नाव. सुटांच्या मोठ्या दुकानात त्यांनी उभं आयुष्य विक्रेता म्हणून काढलं होतं. दुकान बंद पडलं, बायकोच्या आजारपणात घर गेलं. पहिल्या दिवशी ते आपले चार शर्ट धुवायला आले आणि वाळेपर्यंत नुसतं बसवेना म्हणून कोपऱ्यातली इस्त्री उचलून दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट इस्त्री करून दिला. त्यानंतर ते दर बुधवारी दार उघडायच्या आधीच हजर असत. कुणाची नोकरीसाठी मुलाखत असली की त्याला आरशासमोर उभं करून खांद्यावरची शिवण ओढून बघत आणि दुकानातल्याच आवाजात म्हणत, "वा, हे तर तुमच्यासाठीच शिवलंय!" माणूस हसायचा आणि जाताना जरा ताठ चालायचा. स्वतःचे कपडे काका सगळ्यांत शेवटी, कुणाचं लक्ष नसताना मशीनमध्ये टाकत.

एकदा काका आणि ताई मिळून चादरीची घडी घालत होते. चादरीची टोकं जुळवायला जवळ आले तेव्हा काका हळूच म्हणाले, "ताई, माझा मुक्काम सध्या मोटारीत असतो. बस डेपोच्या मागे. मुलीला सांगितलंय की मित्राकडे खोली घेतलीय. हे आपलं तुमच्या-माझ्यात."

"माझ्यापाशीच राहील," ताई म्हणाल्या होत्या.

त्या वर्षी समितीची बैठक ताईंच्याच चर्चमध्ये ठरली. रविवारच्या उपासनेनंतर प्रत्येक कामाच्या माणसाने सभागृहात उभं राहून आपल्या कामाबद्दल बोलायचं, मग समिती निर्णय घेणार. पाळक तरुण होते, हौशी होते आणि आठवडाभर घाबरलेले होते. "ताई, अध्यक्षबाई फार बारकाईने विचारतात हं," ते परत परत सांगत.

"दाताच्या डॉक्टर होत्या ना त्या?" ताईंचा नवरा म्हणाला. "मग मुळापासून काढल्याशिवाय कशा सोडतील?"

आदल्या बुधवारी ताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रविवारी सगळ्या मदतनिसांनी यायचं. आपण एकत्र बसू, म्हणजे मला धीर येईल."

रविवारी मदतनिसांना दुसरी रांग दिली होती. चहा करणाऱ्या बाई होत्या, ताईंचा नवरा होता आणि त्याच्या शेजारी, फिकट निळ्या शर्टावर टाय लावून, कॉलरकाका.

ताईंच्या आधी वाचनवर्गाच्या बाई बोलल्या. त्यांनी एका आजींना बरोबर आणलं होतं. आजी स्वतःच्या पायांनी पुढे आल्या, चष्मा लावला आणि नातवाने पाठवलेलं भेटकार्ड अडखळत मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "आता त्याला सांगा, अक्षर जरा सुधार." लोक हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. टाळ्या थांबेनात.

त्या टाळ्यांपाठोपाठ ताईंना बोलावं लागलं. त्यांनी कागद काढला. किती गाठोडी, किती साबण, पाण्याचा खर्च, दुसरं वाळवणयंत्र का हवं. सगळं खरं होतं आणि सगळं कोरडं होतं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळाकडे बघू लागले. पाळक भिंतीपाशी उभे राहून भुवयांनी काहीतरी खुणावत होते.

अध्यक्षबाईंनी कानातलं यंत्र नीट केलं. "ताई, कपड्यांचं कळलं. माणसांचं सांगा ना. एखाद्याचं तरी."

ताईंनी समोर पाहिलं. पुढे त्यांनी स्वतःला हजारदा विचारलं की त्या क्षणी दुसरं काहीच का सुचलं नाही.

"एक गृहस्थ आहेत," त्या म्हणाल्या. "चांगल्या घरातले. एके काळी भारी सूट विकायचे. आज ते एका मोटारीत राहतात."

घड्याळ बघणारे गृहस्थ वर बघू लागले. एका बाईने हातातली पर्स खाली ठेवली. सगळं सभागृह जरासं पुढे झुकलं, आणि त्या झुकण्याची ताईंना धुंदी चढली. आजवर त्यांचं बोलणं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"मुलीलासुद्धा ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा अंगाला वास येत होता. दोन-दोन दिवस पोटात अन्न नसायचं. मी त्यांच्या हातात धुतलेला शर्ट ठेवला आणि ते लहान मुलासारखे रडले."

वास, उपास, रडणं, यातलं काहीच घडलं नव्हतं. पण बोलता बोलता ताईंनाच ते खरं वाटू लागलं.

"आज ते इथेच आहेत," त्या म्हणाल्या. "काका, जरा उभे राहा ना."

काका लगेच उभे राहिले नाहीत. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, जणू ताई दुसऱ्या कुणाला बोलावत असाव्यात. मग पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उठले. टाळ्या झाल्या, आजींना झाल्या त्याहून जोरात. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि ती डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. काका हसत होते. गिऱ्हाईक काहीच न घेता निघालं तरी विक्रेत्याच्या तोंडावर असतं, ते हसू. टाळ्या संपल्यावरही ते उभेच होते, कारण बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी ताईंच्या नवऱ्याने बाही ओढून त्यांना खाली बसवलं.

चहाच्या वेळी लोकांनी ताईंना गराडा घातला. त्या गर्दीतून त्यांना एवढंच दिसलं की काकांनी आपली खुर्ची उचलली, भिंतीपाशी इतर खुर्च्यांवर नीट रचली आणि मागच्या दाराने ते बाहेर पडले.

घरी नवरा काही बोलला नाही. हा माणूस बोलला नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय हे ताईंना ठाऊक होतं. जेवण झाल्यावर त्यांनीच विषय काढला. "सगळे म्हणत होते, फार छान बोललात."

"उभं कशाला केलंस गं त्यांना?"

"अहो, कुणी वाईट नजरेने बघितलं का? सगळ्यांना भरून आलं होतं."

"तेच म्हणतोय मी."

ताई ताटं उचलत थांबल्या. "रागावले असतील का हो?"

"मी त्यांच्या जागी असतो तर रागावलो नसतो," तो म्हणाला. "मेलो असतो."

त्यानंतर ताईंना ते सगळं दिसू लागलं. भांडी घासताना दिसलं, अंथरूण घालताना दिसलं. खुर्चीच्या पाठीवरची काकांची बोटं, इकडे तिकडे बघणं. आपलं तोंड आपणच धरून बंद करावं असं त्यांना वाटत राहिलं, पण ते तोंड केव्हाच उघडून झालं होतं.

बुधवारी काका आले नाहीत. हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला निघालेली एक बाई ब्लाऊज घेऊन त्यांची वाट बघत बसली. शेवटी ताईंनी इस्त्री हातात घेतली. रुग्णालयात त्यांच्या हाताखाली चादरींचे ढीग गेले होते, पण त्या ब्लाऊजच्या कॉलरला दोन सुरकुत्या राहिल्याच. बाई म्हणाली, "असू दे ताई, केस पुढे घेईन."

दुपारी पाळक जवळजवळ धावतच आले. "मंजूर! ताई, मागितलं त्याहून जास्त मंजूर झालंय!" त्यांना धड श्वासही घेता येत नव्हता. "आणि अध्यक्षबाईंच्या कार्यालयातून फोन होता. सगळ्या चर्चमध्ये लावायला एक भित्तिपत्रक काढणार आहेत. त्यावर काकांचा फोटो हवाय. म्हणजे लोक आणखी दान देतील. विचारा ना त्यांना."

नाही म्हणायची हीच वेळ होती. ताई म्हणाल्या, "बघते विचारून."

पुढच्या बुधवारी खोली भरलेली असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, हातात गाठोडं नाही. "ताई कोण?"

"मी. या ना, मशीन आत्ता रिकामं होईल."

"मी त्यांची मुलगी."

"कुणाची?"

"ज्यांच्या अंगाला वास यायचा, त्यांची."

मशिनं घरघरत होती, तरी ते वाक्य खोलीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. ताईंनी टेबलाची कड धरली.

मुलगी रुग्णालयात रक्त तपासायच्या विभागात काम करत होती. तिथली एक सहकारीण, काकांना ओळखणारी, त्या रविवारी सभागृहात होती. तिने चारचौघांत, कँटीनमध्ये, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, "तुझ्या बाबांचं ऐकून फार वाईट वाटलं गं."

"माझ्या बाबांच्या अंगाला वास कधी आला, सांगा मला," मुलगी म्हणाली. "कुठल्या दिवशी?"

"कधीच नाही," ताई म्हणाल्या.

"रडले होते?"

"नाही."

"मग?"

आजूबाजूची माणसं हातातले कपडे तसेच धरून त्यांच्याकडे बघत होती. ही नजर ताईंनी आजवर तिथे पाहिली नव्हती. कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी उठली. ती वर्षभर न चुकता येत असे. तिने चालू मशीन थांबवलं आणि ओले कपडे तसेच पिशवीत कोंबायला सुरुवात केली.

"अहो आजी, अजून पिळून नाही झाले," ताई म्हणाल्या.

"माझ्याबद्दल काय सांगितलंयस?" म्हातारीने विचारलं. "कुणाला सांगितलंयस?"

"काही नाही हो आजी, शपथ..."

म्हातारी ओली पिशवी घेऊन निघून गेली. फरशीवर दारापर्यंत पाण्याची रेघ राहिली.

मुलीचा आवाज एकदम खाली आला. "रविवारी ते माझ्याकडे जेवायला येतात. सलग दोन रविवार आले नाहीत. फोन बंद आहे. मोटार कुठे असते ते दाखवा. तुम्हाला ठाऊक आहे. मला नाही."

चहावाल्या बाईंवर खोली सोपवून ताई निघाल्या. डेपोच्या मागच्या भिंतीला लागून, तेलाची रिकामी पिंपं पडली होती तिथे, एक जुनी हिरवी मोटार उभी होती. चाकांत हवा नव्हती. मागच्या खिडकीच्या आत चार शर्ट हँगरला लावलेले होते. काका पुढच्या सीटवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मुलीने काचेवर टकटक केली.

त्यांनी काच खाली केली. "अगं! आज ड्यूटी नाही?" घराच्या दारात विचारावं तसं त्यांनी विचारलं, आणि दुसऱ्या हाताने सीटवरचं पांघरूण मागे सारलं.

मुलगी पलीकडचं दार उघडून आत जाऊन बसली. ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. निघून जावं तर पाय उचलेना आणि थांबावं तर ऐकू येत होतं.

"बाबा, तुम्ही तर त्या मित्राच्या बायकोच्या स्वयंपाकाची तारीफ करायचात."

"तारीफ करायला काय लागतं?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझी दोन खोल्यांची जागा, दोन पोरं. माझी कुठे अडचण."

मग मुलगी म्हणाली, "मी एकदाही म्हटलं नाही, चला, तुमची खोली बघते म्हणून. मला वाटायचं, बघितली आणि वाईट असली तर काहीतरी करावं लागेल. म्हणून नाही म्हटलं, बाबा." आणि ती रडू लागली. ताईंनी सभागृहात ज्या रडण्याचं खोटं सांगितलं होतं, त्याहून हे रडणं अगदीच वेगळं होतं. त्याला फारसा आवाजच नव्हता.

थोड्या वेळाने दोघं बाहेर आले. मुलीच्या हातात शर्ट होते, काकांच्या हातात एक लहान बॅग. ताईंच्या जवळून जाताना काकांनी मान किंचित लववली. दुकानात येऊन नुसतं बघून जाणाऱ्या माणसाला करावा तसा तो नमस्कार होता.

त्याच आठवड्यात ताई अध्यक्षबाईंच्या घरी गेल्या. पाळकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी अडवलं असतं, आणि आपणही अडलो असतो, हे ताईंना ठाऊक होतं. शेजारच्या खोलीत समितीतली आणखी दोन-तीन माणसं चहा घेत होती. ताईंनी खाली बघत, हलक्या आवाजात सगळं सांगितलं.

अध्यक्षबाईंनी कानामागे हात नेला. "जरा मोठ्याने सांगा. आज हे यंत्र नीट चालत नाहीये."

ताईंनी पुन्हा सांगितलं.

"शेवटचं वाक्य नाही कळलं."

"मी खोटं बोलले!" ताई ओरडल्या. "त्यांना न विचारता बोलले! जे खरं होतं ते सांगायचं नाही असं वचन दिलं होतं, आणि बाकीचं मी रचलं!"

शेजारच्या खोलीतला कपबश्यांचा आवाज थांबला.

अध्यक्षबाईंनी कानामागचा हात खाली घेतला. "मी विचारलं म्हणून तुम्ही बोललात," त्या म्हणाल्या. "दर वर्षी विचारते. मला वाटायचं, त्याने लोकांची मनं मऊ होतात."

"बोलले तर मीच ना."

"हो. तुम्हीच." त्यांनी ते मऊ केलं नाही. "फोटोचं आजच थांबवते. पण समितीने त्या गोष्टीवर पैसे मंजूर केलेत, त्यामुळे सगळं पुन्हा समितीपुढे ठेवावं लागेल. पुढची बैठक होईपर्यंत पैसे अडकणार."

"कपडे धुवायला येणाऱ्यांनी काय केलंय हो?"

"काहीच नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ते मलाही कळतंय."

पाळकांना कळलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांचा नुसता चेहरा पडला. "ताई, निदान मला आधी सांगायचंत," ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे, "मीच भुवया उडवत होतो तिकडून."

खोली बंद झाली. दारावर पाटी लावली तरी लोक गाठोडी घेऊन येत, पाटी वाचत, ज्यांना वाचता येत नसे त्यांना दुसरे वाचून दाखवत. ताई बुधवारी दाराशीच बसून राहत आणि जेवढी गाठोडी घेता येतील तेवढी घरी नेत. घरचं मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत असे. "माझी पॅन्ट कधीची रांगेत आहे," नवरा म्हणे, पण गाठोडी उचलायला तोच पुढे होई. ओली पिशवी नेलेली म्हातारी मात्र पुन्हा दिसली नाही. ताईंनी चौकशी केली; ती कुठे राहते हे कुणालाच सांगता येईना. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, हा रिवाज होताच.

काकांच्या मुलीच्या घरी जायला ताईंना फार दिवस लागले. दोनदा त्या जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. तिसऱ्या वेळी नातीनेच त्यांना जिन्यात गाठलं आणि "आजोबा, कुणीतरी आलंय," अशी हाक मारली, तेव्हा पळता येईना.

बाहेरच्या खोलीत एका भिंतीला घडीचा पलंग टेकवला होता. पोरांच्या वह्या-पुस्तकांनी टेबल भरलं होतं. काकांनी वह्या बाजूला करून ताईंना बसायला जागा केली. मुलगी स्वयंपाकघरातून डोकावली आणि परत आत गेली.

ताईंनी घरून वाक्यं पाठ करून आणली होती. त्यांतलं एकच आठवलं. "काका, मी चुकले."

"बसा," काका म्हणाले. ते स्वतः उभेच राहिले. "खोटं बोललात त्याचं मी एवढं मनावर घेतलं नाही, ताई. गिऱ्हाइकांना मीही कमी खोटं सांगितलं नाही. हा रंग तुम्हाला खुलतो, ह्या शिलाईत तुम्ही बारीक दिसता. पण मोटारीचं खरं होतं. ते मी तुमच्यापाशी ठेवायला दिलं होतं."

ताई मान खाली घालून ऐकत होत्या.

"आणि मी त्या दिवशी कुठे बसलो होतो?"

"मदतनिसांत."

"तुम्हीच म्हणालात, सगळ्या मदतनिसांनी यायचं. मी आदल्या दिवशी टाय धुतला. टाय कुणी धुतं का? पण धुतला." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला वाटत होतं, मी तिथे कामाला येतो."

"काका, येतच होतात की कामाला!"

"नाही. तुम्ही उभं केलंत तेव्हा सगळ्यांना कळलं मी कशाला येतो ते. मलाही तेव्हाच कळलं."

आत पोरांपैकी कुणीतरी पाढे म्हणत होतं. ताईंना काहीतरी बोलायचं होतं, पण जे जे मनात येत होतं ते स्वतःची सुटका करून घेण्यासाठीचं होतं, हे त्यांना कळत होतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "परत याल?"

"नाही," काका म्हणाले. रागाने नाही म्हणाले. भाव एकच आहे असं सांगावं तसं म्हणाले.

मुलीने चहा आणून ठेवला. तो प्यायल्याशिवाय ताईंना उठता आलं नाही. काका त्यांना दारापर्यंत सोडायला आले. जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून म्हणाले, "सांभाळून उतरा, शेवटची पायरी उंच आहे."

पैसे पुढच्या बैठकीनंतर मिळाले, मागितल्यापेक्षा कमी. समितीने एक गोष्ट बदलली. आता कुणाला उभं करून त्याची कहाणी मागायची नाही; काम बघायचं असेल तर समितीतल्या माणसाने एक सकाळ तिथे येऊन हाताने काम करायचं. अध्यक्षबाई स्वतः धुलाईघरात आल्या, बाह्या सरसावून टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांनी घातलेल्या चादरींच्या घड्या ताईंच्या नवऱ्याने गुपचूप सोडवून पुन्हा घातल्या. लोक हळूहळू परत आले. सगळे नाही. जे आले त्यांतले काही ताईंशी पूर्वीसारखे बोलत, काही नुसतेच कपडे धुऊन जात.

काकांची चौकशी मात्र दर बुधवारी कुणीतरी करायचंच. सुरुवातीला ताई सांगत, "मुलीकडे राहायला गेले, मजेत आहेत." ते खरंच होतं, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटे. पण हे उत्तर देताना आपण पुन्हा सभागृहात उभ्या आहोत असं त्यांना वाटू लागलं.

एकदा ती हॉटेलातली बाई आली. नोकरी लागली होती. आता ती आपल्या भावाचा कोट घेऊन आली होती, त्याची मुलाखत होती. "इस्त्रीवाले काका कुठायत? त्यांना दाखवायचा होता."

"ते आता येत नाहीत."

"का हो? बरं नाही का?"

खोलीत माणसं होती. नवरा पलीकडे साबणाचे खोके उघडत होता. त्याचे हात थांबले.

"बरे आहेत," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळे येत नाहीत. मी त्यांच्याशी फार वाईट वागले."

बाईने कोट ताईंच्या पुढे केला. ताईंनी तो टेबलावर पसरला आणि कॉलर कुठून धरायची ते बघू लागल्या.